रोबोटिक्सच्या मॅडमना, थोडं उशिरा

प्रिय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, फोटो झाले. आभार नेमके कशाबद्दल मानायचे ते मात्र कुणी बोललंच नाही. म्हणून हे पत्र.

घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं, त्यातली काही शाळेच्या भाषेत अजून चाचपडणारी. अशा वर्गात रोबोटिक्स म्हटलं की सहसा एकच होतं: ज्याची भाषा पक्की त्याच्या हातात कीबोर्ड आणि बाकीचे स्क्रू पिळायला. तुम्ही पहिल्यापासून कामं फिरती ठेवलीत. या आठवड्यात कोड लिहिणारा पुढच्या आठवड्यात वायरिंग करणार, नंतर मोजमाप. तक्रारी आल्या, हुशार मुलांच्या पालकांकडून जरा जास्तच. तुम्ही ढिम्म!

सुरुवात स्क्रॅचने, म्हणजे पडद्यावरचे ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवण्याने, केलीत ते बरं झालं. अमेरिकेतल्या एमआयटीतून २००७ साली आलेलं हे सॉफ्टवेअर सत्तरहून अधिक भाषांत चालतं. भाषा बदलली की ब्लॉकवरचे शब्द बदलतात, प्रोग्राम तोच राहतो. व्हेरिएबलची, म्हणजे आकडे साठवायच्या कप्प्यांची, नावं मात्र ज्याने दिली त्याच्याच भाषेत राहतात. त्यावरून गटागटांत जुंपायची आणि तुम्ही मजेत ऐकत बसायचात.

पण खरे आभार मानायचेत ते आर्डुइनोवर, म्हणजे सेन्सर आणि मोटर जोडायच्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डवर, आल्यानंतरच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या तासाबद्दल. सेन्सर ४० किलोहर्ट्‌झचा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ मोजतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. मुलांनी सरळ गुणाकार केला. रोबोटने भिंतीपासून २० सेंटीमीटरवर थांबायचं होतं, तो थांबला १० वर. पुन्हा सोडला, पुन्हा १०. कुणी सेन्सर बदलला, कुणी बॅटरीला दोष दिला. तुम्ही पट्टी हातात घेऊन गप्प उभ्या. (मी असते तर सांगून मोकळी झाले असते, तास संपत आला होता.) शेवटी वर्गात कधी तोंड न उघडणारी ती मुलगी उठली, भिंतीपर्यंत चालत गेली, भिंतीला हात लावला, परत आली आणि दोन बोटं दाखवली. कीबोर्डवरच्या मुलाने लगेच सूत्राला दोनने भागलं. रोबोट थांबला, पट्टी लावली, २० च्या आसपास!

‘शाबास’ म्हणून तुम्ही विषय संपवला नाहीत. तिला फळ्यापाशी बोलावून जाण्यायेण्याची आकृती काढायला लावलीत. नंतर तीच दुसऱ्या गटाला समजावताना दिसली, मोडक्यातोडक्या वाक्यांत, पण बिनधास्त. भाषा सुधारल्यावर विज्ञान शिकवू, अशी वाट पाहणाऱ्यांना मी आता हाच तास सांगते.

तुमचा ‘एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा’ हा नियम मी माझ्या प्रयोगशाळेतही लावलाय. बोर्ड आणि मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) यांचं ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची तार, एकमेकांना जोडलंय का, हे मुलं आता सेन्सरला नावं ठेवण्याआधी बघतात. बहुतेक वेळा.

सध्याच्या गटाचा रोबोट भिंतीपाशी शहाण्यासारखा थांबतो आणि जाड पडद्यावर मात्र जाऊन आदळतो. कापड ध्वनी शोषून घेतं, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी तुमच्यासारखी गप्प आहे, पण फार जड जातंय. सुटलं की कळवते.

तुमची सहकारी,
विज्ञान शिक्षिका