तिसरा कोण?

अमळनेर, जि. जळगाव

चि. वैष्णवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. दोन मोठ्या पक्षांना लोक विटले की तिसरा पक्ष उभा राहतो, हे तुझे पहिलेच वाक्य मला पटले नाही. आपल्याकडे तिसरा पक्ष बहुधा पहिल्याच्याच घरातून, वाटणीच्या भांडणातून निघतो, आणि तिसरा नेमका कोण हे निकालानंतर मुंबईत ठरते.

तुझे आजोबा १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला बैलगाडीने गेले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पुढे त्यांच्या लेखी काँग्रेस म्हणजे तिचे निवडणूक चिन्ह, बैलजोडी. १९६९ मध्ये पक्ष फुटला, दोन्ही गटांनी त्या जोडीवर हक्क सांगितला, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ मध्ये इंदिराबाईंनी गाय-वासरावर ३५२ जागा जिंकल्या. मतपत्रिका हातात पडल्यावर आजोबांनी केंद्रावरच मोठ्याने विचारले, “बैल कथा गयात?” (बैल कुठे गेले?) मत त्यांनी कोणाला दिले, ते शेवटपर्यंत सांगितले नाही.

१९७८ चे मात्र मी स्वतः पाहिले. जानेवारीत काँग्रेस पुन्हा फुटली. यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा एकीकडे, नाशिकराव तिरपुडे इंदिराबाईंकडे. आपल्या ओट्याच्या भिंतीवर जुन्या गाय-वासराशेजारी कोणीतरी रात्रीतून गेरूने पंजा काढला, तेव्हा आजोबांनी दोन्हींवर चुना फासला. फेब्रुवारीच्या निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. प्रचारात एकमेकांची उणीदुणी काढणारे दोन्ही काँग्रेसवाले निकालानंतर एकत्र बसले, वसंतदादा मुख्यमंत्री आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले, आणि सर्वांत मोठा पक्ष विरोधात राहिला. जुलैत ३७ वर्षांचे शरद पवार आपले आमदार घेऊन बाहेर पडले आणि त्याच जनता पक्षाच्या साथीने पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले. आपल्या एदलाबादच्या प्रतिभाताई पाटील इंदिराबाईंकडे राहिल्या आणि १९७९ मध्ये विरोधी पक्षनेत्या झाल्या. आता यात तिसरा कोणता, हे तूच मला सांग.

१९९९ मध्ये राष्ट्रवादी निघाली तेव्हाही तेच झाले. राष्ट्रवादी आणि काँग्रेस स्वतंत्र लढले, अनुक्रमे ५८ आणि ७५ जागा घेतल्या व सत्तेत मात्र एकत्र आले.

तुझ्या निबंधात जे अजिबात आलेले नाही, ते कायद्याचे. १९८५ च्या पक्षांतरबंदीत एकतृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होते. २००३ मध्ये ते काढून टाकले. त्यामुळे २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादीत ‘आम्ही वेगळे झालो’ असे कोणीच म्हटले नाही. जो तो ‘मूळ पक्ष आम्हीच’ म्हणाला. निवडणूक आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांना आणि घड्याळ अजित पवार यांना दिले, आणि नव्या चिन्हाची ओळख करून देण्याचे काम मागे राहिलेल्यांवर आले. निबंध येथून सुरू कर, असे मला वाटते.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येशील तेव्हा ओट्याची भिंत बघ. यंदाच्या पावसात चुन्याचे पोपडे निघाले असून गाईचे एक शिंग आणि पंजाचा अंगठा पुन्हा दिसू लागले आहेत. तुझी आई रंग लावू म्हणते. मी तोवर थांबवून ठेवले आहे.

तुझे बाबा