हातमोज्यांचं दुकान

प्रिय नंदा,

तुझं पत्र परवा आलं. ‘न्यूयॉर्कला आले की तू हातमोजे घेतलेस ते दुकान बघायचंच,’ हे वाचलं आणि तशीच बसून राहिले. बी. ऑल्टमन नाही गं आता. १९८९ सरता सरता त्याची सांगता झाली. तू लुनावर घालायचीस ते हातमोजे त्याच्या अखेरच्या हिवाळ्यांतले. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ३४व्या रस्त्याला १९०६ साली उभी राहिलेली ती इमारत मात्र शाबूत आहे. आत सिटी युनिव्हर्सिटीचं पदव्युत्तर केंद्र आहे.

मी पहिल्यांदा गेले ती साडीवर ह्यांचा कोट चढवून. काउंटरमागच्या बाईंनी माझं एकेक बोट सारखं करत हातमोजा घालून दाखवला. लक्ष्मी रोडवर दुकानदार स्वतःच्या खांद्यावर पदर घेऊन आईला साडी दाखवायचे ना, अगदी तसं. तेव्हापासून ती दुकानं मला आपली वाटली.

४ रस्ते पुढे लॉर्ड अँड टेलर होतं. १९४५ साली डोरोथी शेव्हर ही बाई तिथे अध्यक्ष झाली, आणि पॅरिसच्याच कपड्यांचं वेड असलेल्या शहराला तिने अमेरिकन डिझायनरांची नावं शिकवली. २०१९च्या जानेवारीत तेही मिटलं. शेवटी शेवटी पुतळे आणि कपड्यांचे स्टँडसुद्धा विकायला काढले होते. मी काही घेतलं नाही, घेववेना.

पण जीव हळहळतो तो मी कधीच न पाहिलेल्या बॉनविट टेलरसाठी. ५६व्या रस्त्यावरचं हे दुकान १९३४ साली हॉर्टेन्स ऑडलम या गृहिणीच्या हाती आलं आणि गिऱ्हाईक म्हणून तिला जे खुपायचं ते तिने बदललं. इमारतीच्या माथ्यावर नाचणाऱ्या स्त्रियांची चुनखडी दगडातली दोन शिल्पं होती. मेट्रोपॉलिटन म्युझियम ती घ्यायला तयार होतं. १९८० साली ट्रम्प टॉवरसाठी इमारत पाडताना ती फोडून टाकली. उतरवायला वेळ आणि पैसा जाईल, एवढंच कारण! मला याचा आजही संताप येतो.

त्याच म्युझियमला हातमोज्यांच्या दुकानाचा मालक ऑल्टमन याने १९१३ साली मरताना आपली चित्रं दिली होती. डच चित्रकार रेम्ब्रांने १६६० साली स्वतःचंच काढलेलं चित्र त्यातलंच. ते तुला दाखवीन. आणि हातमोजे अजून असतील तर आण. ३४व्या रस्त्यावरच्या त्या दारात उभी राहून घाल एकदा.

तुझीच,
कुंदा