पाटी नगरपंचायतीची, संसार गावाचा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : तालुक्याच्या ठिकाणच्या नगरपंचायतींतील घरकुले, रोजगार आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा

महोदय,

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचा निर्णय शासनाने २०१४ साली घेतला. नगरपंचायत ही संस्था ७४व्या घटनादुरुस्तीतून आली, ती ग्रामीणातून नागरीकडे चाललेल्या क्षेत्रासाठी. म्हणजे काही वर्षे शेत आणि शहर एकाच हद्दीत नांदणार, हे त्या तरतुदीतच गृहीत आहे. अंमलबजावणीत मात्र गावाच्या योजना एका अधिसूचनेने थांबतात आणि शहराच्या योजना कागदपत्रांवर अडतात. मधल्या काळात भरडले जातात ते मजूर आणि अल्पभूधारक.

घरकुलाचे पाहा. ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार, शिवाय ९० दिवसांची रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, मिळून अडीच लाख. आकडा मोठा, पण त्यासाठी जागा अर्जदाराच्या नावावर हवी, नकाशा हवा, बांधकाम परवानगी हवी. जुन्या गावठाणात नगर भूमापन झालेले नसेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा नसतो. हातात असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, तोही बहुतेकदा आजोबांच्या नावाचा. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. वारस नोंद नाही, चार भावांचे संमतिपत्र नाही, म्हणून प्रस्ताव परत येतो. २०२० साली सुरू झालेली स्वामित्व योजना ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देते, पण ती ग्रामीण गावठाणांसाठी. जे गाव आधीच नगरपंचायत झाले, ते या मोजणीला मुकले.

उपाय अवघड नाही. नगरपंचायत हद्दीतल्या प्रत्येक गावठाणाची मोजणी भूमी अभिलेख विभागाकडून मुदत घालून करून घ्यावी. मोजणीच्याच दिवसांत वॉर्डात शिबिर लावून वारस नोंदी उरकाव्यात, कारण मोजणी होऊनही मृताच्या नावाने पत्रिका निघाली तर घरकुल तिथेच अडते. तीस चौरस मीटरच्या घराचे दोन-तीन नमुना नकाशे नगरपंचायतीने आधीच मंजूर करून ठेवावेत. म्हणजे नकाशाच्या खर्चात पहिल्या हप्त्याचा भाग जाणार नाही.

रोजगाराचे दुखणे याहून खोल आहे. २००५ च्या मनरेगा कायद्याने नागरी संस्थेची हद्द ‘ग्रामीण क्षेत्रा’च्या व्याख्येबाहेर ठेवली. सिंचन विहीर, बांधबंदिस्ती, फळबाग लागवड, गोठा ही कामे शेतकऱ्याला त्याच वाटेने मिळत होती. हद्द बदलली तरी जमीन कोरडवाहूच राहिली. दुसरीकडे १९६२ च्या कायद्याप्रमाणे नगरपंचायतीतल्या दुकानदाराच्या मालमत्ता कराच्या बिलात रोजगार हमी कर लागतो. बाजारपेठ हा कर भरते आणि शेजारच्या वस्तीतल्या मजुराला काम नाही, हे आम्हाला अन्यायाचे वाटते. निदान शेतीवर उपजीविका असलेल्या वॉर्डांसाठी राज्याने स्वतःच्या निधीतून ही कामे चालू ठेवावीत.

कचऱ्याबाबत थोडेच. बारा हजार वस्तीत माणशी अडीचशे ग्रॅम धरले तर रोज तीन टन कचरा होतो, आठवडे बाजाराच्या दिवशी त्याहून जास्त. घंटागाडी मिळते, पण ओला कचरा जिरवायला जागा नसते, म्हणून गाडी गायरानात किंवा ओढ्याकाठी रिकामी होते. गाडीच्या आधी जागा ठरवावी.

आता सर्वांत गंभीर बाब. मोखाडा, विक्रमगड, तलासरी, सुरगाणा, पेठ, धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड ही सारी अनुसूचित क्षेत्रातली, म्हणजे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येणाऱ्या आदिवासी भागातली ठिकाणे. नंदुरबारमधल्या नगरपंचायतीचे नावच धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक आहे, म्हणजे गावे एकत्र बांधली गेली हे नावावरूनच कळते. घटनेच्या अनुच्छेद २४३ झेडसीप्रमाणे नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, त्यासाठी संसदेने कायदा करावा लागतो. पंचायतींसाठी तसा कायदा १९९६ साली झाला, तोच पेसा. नगरपालिकांसाठी २००१ साली मांडलेले विधेयक कायदा झालेच नाही.

पेसा पंचायतींपुरता असल्याने पाड्याच्या ग्रामसभेचे गौण वनोपजावरचे आणि लाभार्थी निवडीचे अधिकार नगरपंचायत होताच निराधार होतात. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (कामाची अट न घातलेला) निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, तोही थांबतो. पेसा क्षेत्रात सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असते. नगराध्यक्षपदाला तशी हमी नाही, ते फिरत्या आरक्षणाच्या सोडतीत जाते. नगरपंचायतीत सतरा वॉर्ड आहेत, पण वर्षातून चार वेळा हिशेब विचारायला बसणारी ग्रामसभा नाही.

म्हणून या नगरपंचायतींच्या घटनात्मक स्थितीबद्दल महाधिवक्त्यांचे लेखी मत घेऊन ते जाहीर करावे. अनुसूचित क्षेत्रात नवी नगरपंचायत करण्यापूर्वी पाडानिहाय ग्रामसभांचे ठराव घ्यावेत. ज्या पाड्यांना आपली ग्रामपंचायत परत हवी आहे, त्यांचे ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पडून न राहता आपल्या विभागापर्यंत किती दिवसांत यावेत, याची मुदत आपण परिपत्रकाने ठरवून द्यावी.

आपले,
स्थानिक स्वराज्याच्या कामातले कार्यकर्ते