चेन्नईच्या ‘पहिल्या गटा’तल्या अनोळखी मंडळींस

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. तुम्ही चेन्नईचे, मी भांडुपची. तुमची नावं कुठे छापलेली नाहीत, आणि ते योग्यच झालं. त्यात पत्र मराठीत. तरीही आभार ज्याचे त्यालाच उद्देशून मानावेत अशी आमच्याकडची रीत आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमच्याबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली ‘इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात 531 जण होते. वय 35 ते 55, बरेचसे नोकरदार, साखर वाढलेली पण मधुमेह म्हणावा इतकी नाही. त्यांचे चार गट केले. एकाला रोजचं चालणं आणि खाण्यातले बदल शिकवून त्यांचा पाठपुरावा केला, एकाला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी दिली, एकाला दोन्ही. आणि पहिला गट तुमचा, 136 जणांचा. तुम्हाला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला तेवढा मिळाला. ना गोळी, ना दर महिन्याला ‘चालताय ना?’ विचारणारा फोन. तुम्ही होतात तुलनेसाठी.

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हे कळल्यावर आमच्या सेक्शनमध्ये जे सुरू झालं ते तुमच्याकडेही होत असणार. एकीने जांभळाच्या बियांची पूड आणली, एकाने कारल्याच्या रसाची वेळ ठरवून दिली, कुणी भेंडी रात्रभर पाण्यात भिजत घालायला सांगितलं. साखर ‘मुळापासून उलटवणाऱ्या’ पॅकेजचे फोन यायला लागले, त्यातला एक तर हप्त्याने पैसे घ्यायलाही तयार होता. दुसऱ्या टोकाला आमचे साहेब. “अहो, सगळ्यांनाच असतं, कशाला टेन्शन घेता?” साहेबांचं पहिलं वाक्य तसं अगदीच चूक नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या मधुमेह-पाहणीचा जो देशव्यापी अहवाल 2023 मध्ये आला, त्यात मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांचा अंदाज 13 कोटी 60 लाख आहे. पण इतक्यांना आहे म्हणून टेन्शन नको, हा हिशेब मला काही पटला नाही.

पालिकेच्या रुग्णालयातल्या ओपीडीत एक तरुण डॉक्टर होती. मागे रांग दारापर्यंत. तिने आधी ग्लुकोजची तपासणी करून आणायला सांगितली. तुम्हाला ही तपासणी नव्याने सांगायला नको, अभ्यासात घेण्याआधी तुमची ती एकदा नाही, खात्रीसाठी पुन्हा झाली होती. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून उपाशीपोटी प्यायचं आणि दोन तास बसून राहायचं. चहा नाही, फेऱ्या मारायच्या नाहीत, पोटात ढवळलं तरी उलटी होऊ द्यायची नाही. माझी दोन तासांनंतरची साखर 164 भरली. 140 पासून 199 पर्यंत आपल्या जमातीची हद्द.

त्या मुलीने केसपेपरच्या मागे दोनच आकडे लिहिले. 55 आणि 39. म्हणाली, “ताई, तुमच्यासारख्या शंभर जणांनी काही वेगळं केलं नाही, तर तीन वर्षांत पंचावन्न जणांना मधुमेह होतो. चालणं-खाणं नेमाने सांभाळलं तर एकोणचाळीस. हे आपल्याच देशातलं आहे, चेन्नईचं.” मी विचारलं, हे पंचावन्नवाले कोण? “कंट्रोल ग्रुप,” ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला तो 55 घरी येईपर्यंत सोडेना. 39 चा आकडा हवाहवासा वाटतो, कारण त्यात आपण काहीतरी करू शकतो. पण 55 शेजारी नसेल तर 39 चा अर्थ काय लागणार? शंभरातल्या 39 जणांना मधुमेह झाला, एवढंच कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मग चालून उपयोग काय! उपयोग आहे हे तुमच्यामुळे कळलं. कोण कोणत्या गटात जाणार हे तुमच्या मर्जीवर नव्हतं. तरी तुमच्यापैकी बहुतेक जण दर सहा महिन्यांनी बाही वर करून रक्त देत राहिलात, आणि निम्म्याहून जास्त जणांच्या वाट्याला मधुमेह आला. नियमित तपासणीमुळे तो लवकर उमगला, हे काय ते तुमच्या पदरात पडलं. फळ आम्ही खातोय.

माझी भाची फार्मसिस्ट आहे. तिला बसवून मी तो शोधनिबंध समजून घेतला. तेव्हा कळलं की पाश्चात्त्यांच्या आकड्यांवर आमचं भागलं नसतं. अमेरिकेत 3234 जणांवर असाच मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2002 चे. तिथे जीवनशैलीतल्या बदलांनी मधुमेहाचा धोका 58 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने 31 टक्क्यांनी. आकडे झकास. पण त्या लोकांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सरासरी 34, आणि त्यांना शरीराच्या वजनातलं सात टक्के उतरवायचं लक्ष्य दिलेलं. तुमच्या अभ्यासातल्यांचा सरासरी बीएमआय 26 च्या आत. तिकडे औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीवर असलेल्या शंभरातल्या साधारण अकरा जणांना वर्षाकाठी मधुमेह होत होता. तुमच्यात हा वेग त्याहून कितीतरी जास्त निघाला. म्हणजे आपण कमी जाड असूनही लवकर घसरतो. मला लहानपणापासून सगळे ‘काडी’ म्हणायचे, आणि कंबर मोजली तर बायकांसाठीची 80 सेंटीमीटरची मर्यादा कधीच ओलांडलेली! पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की भारतीय माणूस दिसायला बारीक, पण आतून चरबी बाळगून असतो. मला ते आधी वर्तमानपत्री वाटायचं.

तुमच्या अभ्यासातलं मला सगळ्यात आवडलेलं पुढे आहे. चालणाऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंच नाही, तरी त्यांचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला. हे वाचून मी भाचीला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. वजनकाट्यावर काटा हलत नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडून देणाऱ्या बायका मी आमच्या सोसायटीत ढिगाने पाहिल्या आहेत. त्यांना हे एक वाक्य कुणी सांगत नाही.

मेटफॉर्मिनचंही तसंच. तुमच्याकडे 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली, अमेरिकेत 850 दोनदा. एवढ्याशा मात्रेनेही धोका 26.4 टक्क्यांनी घटला. गोळी आणि चालणं दोन्ही केलेल्यांना 28.2. म्हणजे दोन्ही एकत्र केल्याने दुप्पट काही मिळालं नाही. डॉक्टरांशी बोलून मी सध्या गोळीविना चाललेय. उद्या आकडा सरकला तर गोळी घेईन, त्यात लाज कसली.

आणि तुमच्या निबंधाने कुठे फुशारकी मारलेली नाही, हे मला भावलं. साधारण सहा-सात जणांनी तीन वर्षं नेम पाळला तर त्यातल्या एकाचा मधुमेह टळतो, असा त्याचा हिशेब. पाच-सहा जणांना त्या काळात टाळ्या वाजवण्यासारखं काही घडत नाही. तो एक आपणच असू याची हमी पॅकेजवाला देतो, तुमचा निबंध देत नाही. मला दुसऱ्यावर जास्त भरवसा वाटला. केरळात हजारभर लोकांवर गावातल्याच सोबत्यांच्या मदतीने असा प्रयोग झाला, तिथे तर मधुमेह रोखण्यात ठोस फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी छापलं. उलट दक्षिण भारतातच 537 पुरुषांना नुसते मोबाइलवर संदेश पाठवले, तर दोन वर्षांत मधुमेह झालेल्यांचं प्रमाण 27 वरून 18 टक्क्यांवर आलं. कुठे चालतं, कुठे नाही. आपलं शहर कोणत्या खात्यात बसेल, मुंबईकरांनी आपापलं पाहावं.

माझ्या खात्यापुरतं सांगते. तुम्ही भात खाणारे, आम्हीही. सासर वेंगुर्ल्याचं. रात्री भाताची मूद निम्मी करून ताटात कोबी-गवार वाढवली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “गे, भात सोडलंस तर खातलंस काय?” सोडला नाही आई, कमी केला. माशाची आमटी तशीच आहे, तिच्यावर कुणी संशोधन करू नये. ऑफिसात पाचचा वडापाव बंद, त्याऐवजी शेंगदाणे, आणि कटिंग बिनसाखरेची. बिनसाखरेची कटिंग वाईट लागते. सवय होते असं म्हणतात, मला अजून झालेली नाही.

चालायला भांडुपात जागा कुठली? फूटपाथवर दुकानं, रस्त्यावर रिक्षा. म्हणून सीएसएमटीला उतरल्यावर शेअर टॅक्सी सोडली. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या दगडी कमानींखालून हुतात्मा चौकापर्यंत झपाझप चालते, संध्याकाळी तसंच परत. येऊन-जाऊन अर्धा तास होतो, तुमच्या दुसऱ्या गटाला सांगितला होता तेवढाच. कमानींमुळे जुलैच्या पावसातही फारसं भिजायला होत नाही, फक्त मोबाइलची कव्हरं आणि बेल्ट विकणाऱ्यांतून वाट काढावी लागते. त्यातला एक आता ओळखतो. “मॅडम, लोकल लेट?” असं विचारतो.

घरी अधूनमधून वाद होतो. ह्यांचं म्हणणं, माणसांना ‘कंट्रोल’ म्हणून वापरणं मुळात बरोबर नाही. मी पूर्ण असहमत नाही. संमतीपत्रावर सही घेताना समोरच्याला त्याच्या भाषेत सगळं समजलं पाहिजे, कधीही बाहेर पडायची मुभा पाहिजे, आणि त्याला नेहमीचे उपचार मिळतच राहिले पाहिजेत. हे नसेल तर मीही सही करणार नाही. पण तुमच्यासारखी माणसं नसती तर त्या डॉक्टर मुलीने केसपेपरच्या मागे काय लिहिलं असतं? “गोड कमी खा.” ते तर आमची आजीही सांगायची, आणि त्याने किती फरक पडतो हे तिला ठाऊक नव्हतं.

परवा त्याच ओपीडीच्या भिंतीवर एका अभ्यासासाठी स्वयंसेवक हवेत असा कागद लावलेला दिसला. मराठीत होता, म्हणून उभं राहून सगळा वाचला. माझी साखर त्यांच्या निकषात बसत नव्हती. बसली असती तर हो म्हटलं असतं का, छातीठोक सांगता येत नाही. तुम्ही हो म्हणालात, त्याला आता वीस वर्षांहून जास्त झाली.

तुमच्यातले बरेच जण एव्हाना निवृत्त झाले असतील. ज्यांना मधुमेह झाला त्यांचे डोळे, पाय, मूत्रपिंडं नीट आहेत ना? तपासण्या होत असतील ना? माझा पुढचा रिपोर्ट दिवाळीनंतर.

तुमची ऋणी,
भांडुपची एक कारकून