अण्णा, ते लाल स्टूल अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात खेळाडू म्हणून शेवटचा सामना खेळून घरी आलो, बूट धुऊन वाळत घातले आणि पहिली आठवण तुमची झाली. समोर बसून आभार मानू लागलो की तुम्ही विषय बदलता. शिवाय कोल्हापुरातल्या आपल्या दोन पेठांमधले फुटबॉलचे हाडवैर असे की, तुम्ही माझ्यासाठी काय केलेत हे तुमच्या तालमीतल्या, म्हणजे पेठेच्या संघातल्या, पोरांनाही ठाऊक नाही. ते त्यांना कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझी कारकीर्द मोठी नव्हती. तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर सुरुवात झाली, मग मुंबईच्या स्थानिक लीगमधल्या एलिट डिव्हिजन या श्रेणीत कूपरेजवर आणि वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर काही मोसम गेले, आणि त्यानंतर आय-लीग या देशपातळीवरच्या लीगची दुसरी श्रेणी आली. त्या श्रेणीला 2022 मध्ये आय-लीग 2 हे नाव मिळाले. पण नाव कोणतेही असो, तिथे करार मोसमापुरता असतो, मोसम काही महिन्यांचा असतो आणि उरलेले वर्ष ज्याचे त्याने निभवायचे असते. 2017 मध्ये आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा सगळ्या कोल्हापूरबरोबर माझाही ऊर भरून आला होता. माझी वाट मात्र तिकडे जाणारी नव्हती. त्या काळी दुसरी श्रेणी जिंकून फार तर आय-लीगमध्ये जाता येई, आणि आय-लीगच्या विजेत्यालाही इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगचे दार बंदच असे. ते उघडले 2022-23 च्या मोसमात, आणि तोवर माझ्या पायांतला वेग उतरला होता. तरीही मी मन लावून खेळलो. मधल्या फळीत खेळणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात क्वचितच येते, कारण गोल आघाडीवाला करतो आणि गोल वाचवतो तो गोलरक्षक. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे हे पाहून ठेवणे, हे जे आमचे खरे काम, ते गॅलरीतून कुणाला दिसत नाही. तुम्हाला ते दिसत असे.

दुसऱ्या श्रेणीतल्या माझ्या तिसऱ्या मोसमात उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. आयएसएल क्लबांचे राखीव संघ आमच्याविरुद्ध खेळायला येत, तेव्हा त्यांच्या बाकावर फिजिओ असे, डॉक्टर असे. आमच्या बाकावर बर्फाची पिशवी असे. मला ज्यांनी करारावर घेतले होते, त्यांनी ऑपरेशनचा सगळा खर्च करू असे सांगितले, आठ दिवसांनी थोडा खर्च करू असे सांगितले, आणि पुढे त्यांनी फोन उचलणेच सोडले. खोली रिकामी करण्याचा निरोप तेवढा वेळेवर आला. माझ्या स्वतःच्या पेठेचेही मला वाईट वाटते. मी मुंबईला निघालो तेव्हा चौकात माझ्या फोटोचा मोठा फलक लागला होता; कुबड्या घेऊन परतलो, तेव्हा त्याच चौकातली माणसे नजर चुकवू लागली. जी थोडी भेटायला आली, ती गुडघ्याकडे पाहून बोलत आणि आता नोकरीचे काहीतरी बघ म्हणून निघून जात.

तुम्ही ज्या प्रकारे आलात, ते मी विसरणार नाही. सामन्याच्या दिवशी दुपारी तुमची स्कूटर दाराशी थांबली. मागे सुतळीने बांधलेले लाल प्लॅस्टिकचे स्टूल होते. पाय सरळ ठेवायला सांगितले होते आणि गॅलरीच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर तो सरळ ठेवता येत नाही, हे तुमच्या आधी कुणाच्या लक्षात आले नव्हते. माझ्याही नाही, कारण स्टेडियमकडे पुन्हा फिरकायचेच नाही असे मी ठरवून टाकले होते. आमच्या दारात उभे राहून तुम्ही म्हणालात, “पाय बांधल्याला हाय, डोळं न्हाईत. चल, बघाय चल.” त्या दिवशी तुमच्या तालमीचा सामना होता, तरी तुम्ही आमच्या पेठेच्या बाजूला, सगळ्यात खालच्या पायरीवर माझ्या शेजारी बसलात, स्टूल माझ्या टाचेखाली सरकवलेत आणि संपूर्ण सामन्यात गुडघ्याबद्दल एक अक्षर विचारले नाहीत. विचारलेत ते एवढेच, की आमचा सहा नंबर सारखा डावीकडे का ओढला जातोय. मी सांगू लागलो. सामना संपला तरी सांगतच होतो.

ज्या माणसाला सगळ्यांनी जखमी म्हणून बाजूला काढले होते, त्याला तुम्ही मिडफिल्डर म्हणून प्रश्न विचारलात. पुढचे व्यायाम, रंकाळ्यावरच्या फेऱ्या, वर्षभराने मैदानात परतणे, हे सगळे त्या प्रश्नानंतरचे आहे आणि त्याविषयी इथे लिहीत नाही. त्या मोसमात जितके सामने झाले, तितक्या वेळा ते स्टूल स्कूटरवरून आले. तुमच्या पेठेतल्या लोकांनी तुम्हाला त्यावरून बोल लावले, हे मला फार उशिरा दुसऱ्याकडून कळले.

खेळ मोठा करायचा म्हणून आपल्याकडे कायम पैसा, मैदाने आणि प्रशिक्षक यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण खालच्या श्रेणीतला खेळाडू टिकतो तो आपली गरज ओळखून न बोलता पुढे होणाऱ्या माणसांवर, आणि अशी माणसे कुठल्याही संघाच्या यादीत नसतात. माझ्या कारकिर्दीची कुणी कधी नोंद केलीच, तर तीत तुमचे नाव मी स्वतः लिहून देईन.

एक क्षमाही मागायची आहे. स्टूल परत द्यायला या रविवारी येणार होतो. परंतु मी सकाळी ज्या मुलांना शिकवतो, त्यांच्यातल्या एकाचा पाय पंधरा दिवसांपूर्वी प्लास्टरमध्ये गेला आहे. पोरगा मधल्या फळीत खेळतो आणि गॅलरीत यायला तयार नव्हता. काल त्याला घेऊन गेलो. प्लास्टर निघेपर्यंत स्टूल त्याच्याकडे राहू द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
पलीकडच्या पेठेतला मिडफिल्डर