सिग्नल शाळा वाढवायची तर… शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जून २०१६ मध्ये ठाण्याच्या तीन हात नाक्यावर, उड्डाणपुलाखाली, जहाजावरच्या कंटेनरमध्ये एक शाळा भरू लागली. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांची ही सिग्नल शाळा. मराठवाड्यातल्या दुष्काळाने हुसकलेली, बरीचशी पारधी समाजातली कुटुंबे त्याच पुलाखाली राहत होती आणि पोरे लाल दिव्यावर गजरे विकत होती. २०१८ मध्ये शाळेतली पहिली दोन मुले दहावी पास झाली. मग इतर शहरांनाही अशी शाळा हवीशी वाटू लागली.

वाटायलाच हवी. मात्र दुसऱ्या पुलाखाली कंटेनर ठेवून फीत कापली, की शाळा वाढली असे होत नाही. कंटेनर हा त्यातला सर्वांत सोपा भाग. या मुलांचा दिवस शाळेत येऊन आंघोळीने सुरू होतो. नाश्ता, गणवेश, आणि मग पाढे. दुपारची खिचडी पोषण आहारात बसते. बादलीभर पाणी, साबण आणि सकाळचे खाणे सरकारी खर्चाच्या कोणत्या लेखाशीर्षात बसते? देणगीदार मिळेपर्यंत एखादी शाळा चालेल, दहा नाही चालणार.

दुसरी अडचण तुमच्याच विभागातली आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदे मिळणार हे ठरवणे, आधार वैध झालेल्या पटावर होते. ज्याच्या आईबापाकडेच पत्त्याचा कागद नाही, त्या पोराचे आधार वैध होणार कसे? शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ९ स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते. म्हणजे मूल वर्गात बसू शकते, पण शिक्षकाचे पद ठरवताना मोजले जात नाही. हा दोष एका शासन निर्णयाने दूर होईल. मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेला पट अशा शाळांसाठी ग्राह्य धरा, गैरप्रकाराची शंका असेल तर केंद्रप्रमुखांकडून अचानक पडताळणी करून घ्या.

आणि आठवीनंतर? उशिरा शाळेत आलेल्या मुलाला चौदा वर्षांनंतरही आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. त्यापुढे त्याचे बोट सुटते. नेमक्या याच वयात पोरगा कमावता समजला जातो आणि पोरीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. तेव्हा वसतिगृह लागते. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी जातीचा दाखला हवा आणि दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. पालावर जन्मलेल्या आजोबांचा पुरावा नातवाने कुठून आणायचा? (गुन्हेगार जमात म्हणून इंग्रजांनी मात्र पारध्यांची नोंद व्यवस्थित ठेवली होती.) गृहचौकशीच्या आधारे दाखले देण्याची शिबिरे महसूल विभागाने पुलाखाली भरवावीत, आणि तोवर दाखल्याअभावी प्रवेश अडवू नये, एवढे आदिवासी विकासमंत्र्यांशी बोलून ठरवता येईल.

नव्या शाळेच्या उद्घाटनाला तुम्ही जालच. त्याआधी लेखाशीर्ष, संचमान्यता आणि वसतिगृह या तिन्हींचा एकत्रित शासन निर्णय निघावा, ही विनंती.

आपला,
ठाण्यातला एक निवृत्त शिक्षक