लिपीविना प्राचीन इतिहास

प्राचीन इतिहासाची पदवी घेऊन नोकरी कुठे मिळणार, असे विचारणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. प्रश्न रास्त आहे. पण दोष विषयाचा नाही, शिकवण्याचा आहे. नाणेघाटातील सातवाहन राणी नागणिकेचा कोरीव लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहे. इतिहासात एम.ए. झालेल्या किती जणांना त्याची एक ओळ वाचता येईल? ब्राह्मीचा उलगडा १८३७ मध्येच झाला. आपले विद्यार्थी मात्र अजून गाइडांवर विसंबतात! पुणे जिल्ह्यातील इनामगाव या प्राचीन वस्तीच्या जागी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा खापरांबरोबर धान्य आणि हाडेही अभ्यासली गेली. असे काम येणारी माणसे संग्रहालयांना आणि पुरातत्त्व खात्याला लागतातच. विद्यापीठांनी निदान एक सत्र लिपीसाठी व एक क्षेत्रकार्यासाठी सक्तीचे करावे. सनावळ्या थोड्या कमी झाल्या तरी चालतील.

– एक वाचक, जुन्नर